अर्धशिशी आणि चिनी सुया

ज्या दुखण्यांत अंग तापत नाहीं, सूज दिसत नाहीं, रक्त येत नाहीं आणि जें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पार नाहींसें होतें, त्या दुखण्याला आपल्या एकत्र कुटुंबांत फारशी प्रतिष्ठा नसते. विषमज्वरानें पडलेल्या माणसाच्या उशाशीं सारें घर बसतें, परंतु अंधाऱ्या खोलींत अर्धशिशीनें कण्हत पडलेल्या सुनेविषयीं "आज पुन्हा डोकें दुखतें वाटतें!" एवढाच काय तो उद्गार निघतो, आणि त्यांतील ‘पुन्हा’ या शब्दावरचा जोर तिला भिंतीपलीकडूनहि ऐकूं येतो. या दुखण्यानें सहसा माणूस मरत नाहीं, म्हणून त्याची कोणी नोंद घेत नाहीं. पण महिन्यांतून पांचसात दिवस जिचे असे जातात, तिच्या आयुष्यांतून वर्षाकांठीं दोन-अडीच महिने वजा होतात, ही रक्कम घरच्या जमाखर्चाच्या वहींत कोठेंच मांडलेली नसते.

या दुखण्यावर चिनी सुयांचा उपाय चालतो, ही वार्ता आतां आमच्या खानदेशांतहि घरोघर पोंचली आहे. कोणी मुंबईस जाऊन आलेला सांगतो, कोणी पुण्यास राहणाऱ्या भाचीचा दाखला देतो, आणि मग ओसरीवर दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हें सारें आपल्या सुश्रुताचें, चिनी लोकांनीं उचलून नेलें. दुसरा म्हणतो, सुया टोचून डोकें थांबत असतें, तर शिंप्याच्या घरीं कोणाला डोकेंदुखी झालीच नसती. या दोन्ही पक्षांचें समाधान करणें आमच्या हातीं नाहीं. जिचें डोकें प्रत्यक्ष दुखतें तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या उपयोगी पडेल, एवढी माहिती येथें एकत्र केली आहे.

प्रथम आमच्या प्रांताविषयीं दोन शब्द. तापीच्या खोऱ्यांतील उन्हाळा ज्यानें सोसला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाहीं. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्याहि वर जातो. धुळ्याकडे पांझरेचें पात्र कोरडें पडून त्यांतील वाळू डोळ्यांत चकाकते. आणि नेमकी त्याच दिवसांत आखाजी येते. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशांत जसा साजरा होतो तसा दुसरीकडे क्वचितच होत असेल. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडाला झोके बांधले जातात, रात्रीं गाणीं चालतात. आतां उन्हाचा झोत, लांबचा प्रवास, अपुरी झोंप, टळलेली जेवणाची वेळ आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका, हीं पांचहि अर्धशिशीलाच आमंत्रणें आहेत, आणि आखाजीच्या त्या चार दिवसांत तीं एकदमच जातात. माहेरपणाला आलेली लेक दुसऱ्या दिवशीं ओल्या फडक्यानें डोळे झांकून माजघरांत निजलेली आढळली, तर मीठमोहऱ्या ओंवाळण्यास आमची हरकत नाहीं. पण त्यापूर्वी ती किती तास एस. टी.च्या खिडकीशीं उन्हांत बसून आली आणि सकाळपासून तिच्या पोटांत काय गेलें, एवढें विचारून घ्यावें.

आपल्या वैद्यकानें हें दुखणें फार पूर्वी ओळखलें होतें. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले, त्यांतील अर्धावभेदक म्हणजे अर्धें डोकें फोडून काढणारा रोग. ‘अर्धशिशी’ हा आपला मराठी शब्दहि तेंच सांगतो. सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्य कलतांच उतरणारा तो सूर्यावर्त. त्याचें वर्णन निराळें केलेलें आहे, पण व्यवहारांत बायका दोघांनाहि अर्धशिशीच म्हणतात. चरकाच्या परंपरेंत अर्धावभेदकाचीं जीं कारणें दिलीं आहेत तीं वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. रूक्ष अन्न, पहिलें जिरलें नसतां पुन्हा जेवणें, पूर्वेकडचा वारा, दंव, मलमूत्रादि वेग आवरून धरणें, अतिश्रम. यांतील पूर्वेचा वारा व दंव सोडले, तर उरलेली यादी एखाद्या मोठ्या घरांतील सुनेच्या दिनचर्येवरूनच उतरून घेतली असावी असें वाटतें!

आजचें शास्त्र काय म्हणतें तें थोडक्यांत असें. अर्धशिशी हा मेंदूच्या संवेदनशीलतेचा आनुवंशिक विकार आहे. आईला असल्यास मुलीला होण्याचा संभव बराच असतो. जगांत शंभर कोटींहून अधिक माणसांना ही व्याधि आहे, आणि ऐन वयांत पुरुषांपेक्षां सुमारें तिपटीनें अधिक स्त्रियांना ती होते. ऋतुकालाच्या सुमारास स्त्रीशरीरांतील इस्ट्रोजेन नांवाचा अंतःस्राव एकदम उतरतो, तें त्याचें एक मोठें कारण. कपाळ व चेहरा यांच्या संवेदना वाहून नेणारी जी पांचवी मस्तिष्कनाडी, तिचीं टोंकें मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्यांभोंवतीं पसरलेलीं असतात. झटका येतो तेव्हां या टोंकांतून सी. जी. आर. पी. या संक्षेपानें ओळखलें जाणारें एक द्रव्य स्रवतें आणि वेदना पेटते. कांहीं जणींना डोकें दुखूं लागण्यापूर्वी डोळ्यांपुढें नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. ब्राझीलच्या लेआँव नांवाच्या शास्त्रज्ञानें १९४४ सालीं सशांच्या मेंदूवर प्रयोग करीत असतां एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. मेंदूच्या पृष्ठभागावरून शैथिल्याची एक लाट मिनिटाला दोनतीन मिलिमीटर अशा मंद गतीनें सरकत जाते. त्या नागमोडी रेषा याच लाटेच्या असाव्यात, असें आतां मानलें जातें. तेव्हां ‘डोळ्यांपुढें काजवे चमकतात’ असें कोणी म्हणाली, तर तो नखरा नव्हे.

घरगुती उपायांची आपल्याकडे वाण नाहीं. सुंठ उगाळून कपाळावर लेप, नाकांत कोमट तुपाचे थेंब, डोक्याला घट्ट बांधलेलें फडकें, आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे सूर्योदयापूर्वी दुधांत बुडवून खाल्लेली जिलेबी. हिच्यांतील औषधी गुण आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु रात्रभर रिकाम्या राहिलेल्या पोटांत पहाटेच दूध-साखर गेल्यास उपाशीपणानें उठणारें डोकें कदाचित् उठणार नाहीं, एवढें तिच्या बाजूनें म्हणतां येईल. शिवाय मुलें आनंदानें औषध घेतात असा हा एकच उपचार असावा. गांवोगांवीं कपाळावर डागण्याची जी चाल अजून कोठें कोठें आढळते, तिचा मात्र स्पष्ट निषेध केला पाहिजे.

आजच्या घरांतील खरा उपाय लेपाचा नाहीं, गोळीचा आहे. औषधांच्या दुकानांतून आणलेली डोकेंदुखीची पट्टी देवघराच्या कोनाड्यांत किंवा मिसळणाच्या डब्याशेजारीं असतेच. झटक्याच्या आरंभींच घेतलेली योग्य गोळी उपकारक आहे, यांत शंका नाहीं. परंतु महिन्यांतून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेण्याची पाळी येऊं लागली, आणि असें तीन महिने चाललें, तर त्या गोळ्याच नवी डोकेंदुखी उत्पन्न करूं लागतात. मिश्र गोळ्या व अर्धशिशीच्या खास गोळ्या यांच्या बाबतींत ही मर्यादा दहाच दिवसांची आहे. मग डोकें दुखतें म्हणून गोळी आणि गोळीमुळें डोकेंदुखी असें चक्र सुरू होतें. पोटांत आम्लता व जखमा, मूत्रपिंडांवर ताण, हें निराळेंच. जिला गोळ्या मानवत नाहींत, किंवा जिच्या गोळ्यांची संख्या अशी वाढत चालली आहे, तिच्या दृष्टीनें सुयांच्या उपचाराचा विचार करण्यासारखा आहे. येथून आम्ही मूळ विषयाकडे येतों.

सुयांचें हें शास्त्र चीन देशाचें. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तेथें संकलित झालेल्या पीत सम्राटाच्या वैद्यकग्रंथांत त्याचें सविस्तर विवेचन आहे. इसवी सनापूर्वी ११३ या वर्षीं मरण पावलेल्या एका चिनी राजपुत्राची कबर १९६८ सालीं उघडण्यांत आली, तेव्हां तींत सोन्याच्या व रुप्याच्या सुया सांपडल्या. चिनी भाषेंत या विद्येचें नांव जोडनांव आहे. त्याचा अर्थ ‘सुई आणि शेक’ असा होतो, आणि शेकासाठीं जी वनस्पति जाळतात ती आपल्या दवण्याच्याच कुळांतली. युरोपांत ही वार्ता नेली ती टेन राइन नांवाच्या डच वैद्यानें. १६८३ सालीं त्यानें लॅटिनमध्यें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतून ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्द रूढ झाला. प्रत्यक्ष चीनमध्येंच या विद्येवर वाईट दिवस आले होते, हें तिच्या भक्तांनीं विसरूं नये. १८२२ सालीं बादशहानें राजवैद्यशाळेंतून तिचें शिक्षण बंद केलें होतें. तिला पुन्हा राजाश्रय मिळाला तो १९४९ च्या राज्यक्रांतीनंतर, कारण एवढ्या अफाट देशाला पुरतील इतके आधुनिक डॉक्टर नव्हते आणि सुई स्वस्त होती.

आपल्या देशांत ती आली त्या कथेशीं एका मराठी माणसाचें नांव जोडलें गेलें आहे. जपाननें चीनवर आक्रमण केलें असतां चिनी सेनापति चू तेह यांनीं जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची याचना केली. हेच नेहरू १९३६ च्या डिसेंबरांत आमच्या पूर्व खानदेशांतील फैजपुरास भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाच्या आठवणी त्या भागांतील जुन्या घरांत अजून निघतात. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असतांना १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें पथक चीनला निघालें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस परतले नाहींत. तेथेंच रणभूमीवरच्या जखमी सैनिकांची सेवा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. शांतारामबापूंनीं १९४६ सालीं त्यांच्यावर काढलेला बोलपट अनेक घरांतील वडील मंडळींना आठवत असेल. कोटणीस हे शस्त्रवैद्य. त्यांची कीर्ति सुरीची आहे, सुईची नाहीं. सुई आणली ती त्यांच्या सोबत्यानें. डॉ. बसू १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकून आले आणि कलकत्त्यास तिचा उपयोग करूं लागले. पुढें त्यांच्या प्रेरणेनें ठिकठिकाणीं जीं केंद्रें निघालीं त्यांतील कित्येकांना कोटणीसांचें नांव देण्यांत आलें. पंजाबांतील लुधियाना येथें तर त्यांच्या नांवाचें ॲक्युपंक्चरचें रुग्णालयच आहे. सोलापूरच्या मुलाचें नांव लुधियान्यास सुयांच्या दवाखान्यावर झळकावें, हा इतिहासाचा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे.

‘हें सारें सुश्रुताचें’ म्हणणाऱ्या ओसरीवरच्या पक्षाला येथेंच उत्तर दिलेलें बरें. सुश्रुतानें सिरावेध सांगितला आहे, तो रक्त काढण्यासाठीं. त्यानें एकशेंसात मर्में सांगितलीं आहेत, तीं शस्त्रवैद्यानें जपावयाचीं स्थानें म्हणून. तेथें इजा झाल्यास घात होतो, असा त्याचा इशारा आहे. चिनी वैद्य मुद्दाम ज्या स्थळीं सुई घालतो त्या स्थळांशीं यांची बरोबरी करणें म्हणजे निषेधालाच विधि समजणें होय. आपल्या शास्त्राचा मोठेपणा एवढा भक्कम आहे, कीं त्याला उसनवारीचा टेंकू लागत नाहीं.

आतां प्रत्यक्ष उपचार कसा होतो तें पाहूं. सुई म्हटल्याबरोबर इंजेक्शनची सुई डोळ्यांपुढें येते आणि निम्मी मंडळी दारांतूनच परततात. ही सुई पोकळ नसते. पोलादाची, भरीव आणि पाव मिलिमीटरभर जाडीची असते. रोग्याला निजवून किंवा बसवून दहापंधरा ठिकाणीं अशा सुया खोंचतात आणि वीस ते तीस मिनिटें तशाच ठेवतात. टोंचतांना मुंगी चावल्यासारखें होतें; नंतर त्या जागीं जडपणा किंवा मंद कळ जाणवते आणि चिनी वैद्य तीच खरी खूण मानतात. अर्धशिशीकरितां वापरलीं जाणारीं मुख्य स्थळें अशीं: मानेच्या मागें कवटीच्या तळाशीं असलेले दोन खळगे, कानशील, कानाच्या वरचा भाग, हाताचा अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांसल जागा, आणि पायाच्या अंगठ्याजवळील एक स्थळ. डोकें दुखत असतां पायाला सुई कां, असें विचारल्यास चिनी शास्त्र ‘ची’ नांवाच्या प्राणशक्तीच्या वाहिन्यांचें उत्तर देतें. या वाहिन्या शवच्छेद करणाऱ्यांना कोठें आढळलेल्या नाहींत. आधुनिक संशोधकांचें म्हणणें असें, कीं सुईच्या उत्तेजनानें मज्जातंतूंतून जो संदेश जातो त्यामुळें मेंदूंतील स्वाभाविक वेदनाहारक द्रव्यें स्रवतात. आठवड्यांतून एकदोनदां अशा दहाबारा बैठका होतात. झटका चालू असतां तो थांबवावा यापेक्षां पुढचे झटके विरळ व्हावेत, हा या उपचाराचा मुख्य हेतु.

गुण येतो काय? या प्रश्नाला जाहिरातींतून एक उत्तर मिळतें आणि संशोधनांतून दुसरें. २००५ सालीं जर्मनींतील एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अर्धशिशीच्या ३०२ रोग्यांचे तीन गट केले होते. एका गटाला शास्त्रोक्त स्थळीं सुया घातल्या. दुसऱ्याला भलत्याच जागीं, वरवर घातल्या. आपल्याला खऱ्या सुया मिळाल्या कीं खोट्या, हें त्यांना कळूं दिलें नाहीं. तिसऱ्याला नुसतें थांबावयास सांगितलें. पहिल्या गटांत शेंकडा ५१ जणांचे डोकेंदुखीचे दिवस निम्म्यानें किंवा अधिक कमी झाले. थांबून राहिलेल्यांत शेंकडा १५ जणांचे. येथवर सुयांचा जयजयकार! पण खोट्या सुयांच्या गटांत हें प्रमाण शेंकडा ५३ भरलें. म्हणजे सुया घेणाऱ्यांना गुण आला हें खरें, पण तो त्या विशिष्ट स्थळांचा होता असें म्हणण्यास या प्रयोगांत आधार मिळाला नाहीं.

पुढें २०१६ सालीं कॉक्रेन या नांवाजलेल्या संस्थेनें अशा २२ प्रयोगांचा, मिळून ४,९८५ रोग्यांचा, एकत्र आढावा घेतला. डोकेंदुखीचे प्रसंग निम्मे झालेल्यांचें प्रमाण सुया घेणाऱ्यांत शेंकडा ४१, न घेणाऱ्यांत १७. खऱ्या सुया व खोट्या सुया यांची तुलना केलेल्या प्रयोगांत तें ५० व ४१ भरलें. फरक लहान, पण या वेळीं तो खऱ्या सुयांच्या बाजूनें होता. प्रतिबंधक औषधांशीं तुलना केली असतां तीन महिन्यांनीं सुयांकडे ५७ आणि औषधांकडे ४६. सहा महिन्यांनीं हा फरक बहुतेक मावळला. शिवाय औषधें घेणाऱ्यांना त्रास अधिक झाला. हे आंकडे पाहून इंग्लंडचें उदाहरण आम्हांस समंजस वाटतें. तेथील आरोग्यखात्याला सल्ला देणाऱ्या संस्थेनें २०१२ सालींच असें सुचविलें होतें, कीं प्रतिबंधक औषधें योग्य ठरत नसतील तर पांच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठकांचा विचार करावा. ‘अर्धशिशी मुळासकट उपटून काढतों’ असें जो सांगेल त्याच्याकडे मात्र पाठ फिरवावी. आनुवंशिक व्याधीचें मूळ सुईनें निघत नाहीं.

धुळ्याच्या एका घराचा आम्हांस निकटचा परिचय आहे. घर मोठें, माणसें बारा. थोरल्या सूनबाईंना वीस वर्षांची अर्धशिशी. महिन्यांत सहासात दिवस जात. त्यांनीं नाशिकास बहिणीकडे दीड महिना राहून दहा बैठका घेतल्या, आणि परत आल्यावर झटके महिन्यास दोन-तीनवर आले. सासूबाई सुयांना दुवा देतात, धाकटे दीर ‘मनाचे खेळ’ म्हणून हंसतात. आम्हीं त्या वहिनींनाच विचारलें. त्या म्हणाल्या, "सुयांचें मला ठाऊक नाहीं हो. पण त्या दीड महिन्यांत मी रोज साडेअकराला जेवत होतें, आणि सुया टोंचून पडलें कीं अर्धा तास मला कोणी हांक मारीत नसे." घरीं आल्यावर पहिल्या पंगतींत बसण्याचा हट्ट त्यांनीं सोडला नाहीं, आणि दुपारचा अर्धा तास दार लोटून पडण्याची संवयहि ठेवली. आतां गुणाचें श्रेय कोणाला द्यावयाचें? आम्ही सुयांचा वाटा नाकारीत नाहीं. परंतु या घरांत सुयांनीं आणखी एक काम केलें, तें असें कीं, वीस वर्षें ज्याला कोणी दुखणें मानलें नव्हतें त्याला पैसे खर्च करून उपचार करावयाचें दुखणें ठरविलें.

ज्यांना हा उपचार करून पाहावयाचा असेल त्यांनीं कोणाकडे जावें? केंद्र सरकारनें २००३ सालीं ॲक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून आणि २०१९ सालीं स्वतंत्र चिकित्सापद्धति म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रांत या पद्धतीसाठीं २०१५ च्या नांवाचा स्वतंत्र अधिनियम आहे व नोंदणीची व्यवस्था आहे. तेव्हां नोंदणी आहे काय, हें विचारण्यास संकोचूं नये; सोनाराकडे जातांना आपण कस विचारतोंच. सुया प्रत्येक वेळीं नव्या, आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या असाव्यात. एकाची सुई दुसऱ्यास वापरल्यानें यकृताच्या संसर्गजन्य काविळीसारखे रोग पसरतात. रक्त पातळ करणारीं औषधें घेणाऱ्यांनीं व रक्तस्रावाचा विकार असणाऱ्यांनीं तें आधीं सांगावें. गर्भवतीनें तर डॉक्टरांना विचारल्यावांचून जाऊं नये, आणि अंगठा-तर्जनीमधील ती जागा दाबून पाहण्याचा घरगुती प्रयोगहि करूं नये. त्या स्थळानें कळा येतात अशी चिनी वैद्यांची परंपरागत समजूत आहे. अननुभवी हातानें छातींत खोल गेलेल्या सुईनें फुप्फुसाला भोंक पडल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. अर्धशिशीकरितां छातींत सुई घालण्याचें कारणच नाहीं.

‘नैसर्गिक उपचार’ हें जें नांव या सुयांना दिलें जातें तें आम्हांस पटत नाहीं. उरुळीकांचनास १९४६ सालीं गांधीजींनीं निसर्गोपचाराचा आश्रम काढला, तेथें माती, पाणी, ऊन आणि आहार हीं साधनें होतीं. कारखान्यांत केलेली पोलादी सुई कातड्यांत खुपसण्यांत निसर्ग कोठें आला? औषधावांचून होणारा उपचार म्हणा, म्हणजे झालें.

खरोखर नैसर्गिक असा जो भाग आहे तो घरांतच करावयाचा आहे, आणि तेथेंच आमच्या वर्गाला अडचण पडते. संकष्टी, एकादशी, सोमवार, हरितालिका. अर्धशिशी असलेल्या स्त्रीनें निर्जळी उपवास करणें म्हणजे झटक्याला अक्षत देणें. आमच्या धर्मशास्त्रानें आजारी माणसास, गर्भिणीस व बालकास उपवासांत सवलत दिलेली आहे. ती देण्याचा अधिकार आपल्या हातीं असतांना घरांतील वडील बायका तिला फराळाचें ताटहि दोन वाजतां देतात, हा शास्त्राचा दोष नव्हे. झोंपेची वेळ सुट्टीच्या दिवशींहि फार बदलूं नये. उग्र उदबत्ती व धूप देवघरांत लावावयाचा तर खिडकी उघडी असावी. चहा दिवसांतून ठराविक वेळीं दोनदां. एकदम सोडला तरी डोकें उठतें. आणि दिनदर्शिकेवर जेथें आपण दुधाचा हिशेब मांडतों, तेथेंच डोकें दुखलेल्या दिवशीं एक फुली करावी. शेजारीं गोळ्या किती घेतल्या, आदल्या रात्रीं झोंप किती झाली, पाळीचा दिवस कितवा, हें लिहावें. तीन महिन्यांचीं हीं पानें घेऊन गेल्यास डॉक्टरला किंवा सूचिवेध करणाऱ्याला पाऊण तासाच्या प्रश्नोत्तरांहून अधिक समजतें, आणि सुयांनीं गुण आला कीं नाहीं याचाहि वाद ओसरीवर न करतां फुल्या मोजून मिटवितां येतो.

मुलांना अर्धशिशी होत नाहीं, असा एक समज आहे तो चुकीचा आहे. लहान वयांत ती दोन्ही बाजूंनीं दुखते, किंवा नुसतें पोट दुखून उलट्या होतात. शाळेंतून दुपारीं पांढरा पडलेला चेहरा घेऊन आलेला मुलगा अंधारांत दोन तास निजून उठल्यावर खेळावयास पळाला, तर तो सोंग करीत होता असें एकदम ठरवूं नये. आईला अर्धशिशी असल्यास तर नाहींच नाहीं.

शेवटीं, सुई, लेप, जिलेबी आणि घरांतील गोळी, सर्व बाजूला ठेवावयाचे प्रसंग कोणते तें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. वीज पडावी तसें क्षणांत उठलेलें आणि जन्मांत कधीं दुखलें नव्हतें इतकें दुखणारें डोकें. डोकेंदुखीबरोबर ताप आणि ताठलेली मान. हातपाय लुळे पडणें, वाचा अडखळणें, तोंड वांकडें होणें, शुद्ध हरपणें. पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर वाढत जाणारें दुखणें. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेंदुखी. गरोदरपणांत किंवा बाळंतपणानंतर एकाएकीं उठलेलें डोकें. यांतील पन्नाशीनंतरची डोकेंदुखी एकदोन दिवसांत दाखवावी. बाकीच्यांत सकाळपर्यंत वाट पाहूं नये. धुळें आणि जळगांव या दोन्ही शहरांत आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा क्रमांक दूरध्वनीशेजारीं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.